वाचक विचारतात : वावरातला दगड आणि इतिहासाचा छंद

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच आवडीतून लिहिली गेली आहेत आणि ती आवड म्हणजे मध्ययुगीन इतिहास. पत्रे लिहिणारे कोणी इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. शेती, शिक्षण आणि संसार सांभाळून हा छंद जोपासणारी ही विदर्भातल्या खेड्यांतली माणसे आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. यादव, बहमनी आणि इमादशाही या काळाचे मला शाळेपासून वेड आहे. हरभरा निघाला की मी मोटरसायकल काढतो आणि गावोगावच्या गढ्या, जुनी मंदिरे, कोरीव दगड पाहत हिंडतो, मोबाइलवर फोटो काढतो. घरचे म्हणतात, “दगडं पाहून पोट भरते काय बाप्पा?” गावातले लोक म्हणतात, की खरे किल्ले तर सह्याद्रीत आहेत, इथे काय आहे? हा छंद पुढे कसा न्यावा? शिवाय आमच्या गावचे मंदिर हेमाडपंतांनी एका रात्रीत बांधले असे सांगतात, ते कितपत खरे मानावे? — एक शेतकरी वाचक

उत्तर : तुमची शेवटची शंका मी आधी घेतो, कारण तिच्या उत्तरातूनच पुढची वाट निघते. हेमाद्री पंडित म्हणजेच हेमाडपंत हे देवगिरीच्या महादेव यादवाचे (१२६१ ते १२७१) आणि पुढे रामचंद्रदेव यादवाचे (१२७१ ते १३११) मंत्री होते. चुना न वापरता, दगडाला खाच आणि कुसू काढून एकावर एक दगड बसवण्याच्या पद्धतीला महाराष्ट्राने त्यांचे नाव दिले. पण ही पद्धत त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. आपल्या अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या मंदिराचा लेख शके १०९८ चा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे), त्यामुळे हे मंदिर ११७६ च्या सुमाराचे, म्हणजे हेमाडपंतांच्या मंत्रिपदाच्या सुमारे ८५ वर्षे आधीचे ठरते. तेव्हा तुमच्या गावचे मंदिर ‘हेमाडपंती पद्धतीचे’ आहे असे म्हणणे बरोबर होईल. ते हेमाडपंतांनीच बांधले असे म्हणण्यासाठी पुरावा लागेल. एका रात्रीत बांधल्याची कथा मात्र खोटी म्हणून टाकून देऊ नका. ती कोणी सांगितली, कोणत्या शब्दांत सांगितली आणि त्या माणसाने ती कोणाकडून ऐकली, हे लिहून ठेवा. मंदिर कधी बांधले हे त्या कथेतून कळणार नाही, परंतु गावाने ते मंदिर कसे आठवणीत ठेवले हे तिच्यातून कळेल, आणि तोही इतिहासच आहे.

या कामात आपल्या प्रदेशाला फार मोठा पूर्वज लाभला आहे. तुमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. चक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेल्यानंतर, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी विचारल्या आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या जुळवल्या. पुढे ‘खालशाची धाड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आक्रमणाच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्या ग्रंथात राजांच्या लढायांपेक्षा गावे, वाटा, जेवण, वस्त्रे, बाजार, आजार आणि माणसांची साधी बोलणी अधिक आहेत. तेराव्या शतकातील वऱ्हाड जसे त्यात बोलते तसे ते दुसरीकडे क्वचितच ऐकू येते. तुमचा छंद आणि म्हाइंभटांचे काम यांची जात एकच आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. फरक एवढाच आहे, की त्यांनी लिहून ठेवले आणि तुम्ही अजून फक्त फोटो काढता.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. तरुणपणी दोन उन्हाळे हिंडून मी शेकडो छायाचित्रे जमवली आणि ठिकाण आपल्या लक्षात राहीलच अशा भरवशावर एकाही छायाचित्रामागे काही लिहिले नाही. आज त्यांतील कितीतरी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, कोणत्या गावच्या कोणत्या पारावरचे आहेत, हे मला सांगता येत नाही, आणि त्यांपैकी काही दगड आता जागेवर नसतील याची मला रुखरुख लागून राहते. म्हणून एक जाड नोंदवही करा. गाव, तालुका, दगड गावाच्या कोणत्या दिशेला आणि कशाजवळ आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, उंची-रुंदी किती, त्याला गावात काय म्हणतात, माहिती कोणी दिली आणि आपण तो कोणत्या तारखेला पाहिला, एवढे त्याच जागी उभे राहून लिहा. दगडाला शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडू नका. ती लोकांची पूजा आहे. लेखाची अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा तेल भरू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जेव्हा उजेड दगडावर तिरपा पडतो, तेव्हा झिजलेली अक्षरेही आपोआप उठून दिसतात.

गावकऱ्यांचे म्हणणे, की किल्ले सह्याद्रीत आहेत, हे अपुरे आहे. तुमच्या उत्तरेला सातपुड्यात गाविलगड आणि नरनाळा उभे आहेत. गाविलगडाची उभारणी बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये केली आणि पुढे फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने त्याची डागडुजी केली. याच फतहुल्लाने १४९० मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. तो मूळचा विजयनगरच्या राज्यातला, लहानपणी युद्धात पकडला गेलेला मुलगा होता. गाविलगडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे आणि हा पक्षी विजयनगरच्या राज्यातही राजचिन्ह म्हणून दिसतो. या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवून त्या दरवाजासमोर उभे राहा, दगडाकडे पाहण्याची नजरच बदलेल. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. त्यावरील कमळे आणि अक्षरांचे कोरीवकाम बघायला निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा. दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलात आहेत, तेव्हा वनविभागाच्या वेळा पाळूनच जावे.

परंतु मला किल्ल्यांहूनही अधिक काळजी तुमच्या गावच्या पांढरीची वाटते. आपल्या खेड्यांत काळी म्हणजे वावर आणि पांढरी म्हणजे वस्ती. गढीखालची ती पांढरी माती अनेक शतकांच्या पडक्या भिंती, राख आणि खापरे यांची बनलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ती माती वाहून नेली, की तिच्याबरोबर थरही जातात आणि गेलेले थर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. तुमच्या गावची गढी आज किती उंच आहे, तिचा कोणता कोपरा शाबूत आहे, हे दर वर्षी एकाच जागेवरून फोटो काढून नोंदवले, तरी ते काम मोलाचे होईल.

घरच्यांचे म्हणणे खरे आहे. दगड पाहून पोट भरत नाही. त्यावर वाद घालू नका. मंदिराचा फेरा पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत ठेवू नका आणि पुढच्या वेळी वडिलांना सोबत न्या. कोणत्या गावचा कोणता रस्ता जुना आणि कोणता पाझर तलाव अलीकडचा, हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि अकरावीत शिकतो. मला युरोपातले मध्ययुगीन सरदार, त्यांची चिलखते, तलवारी, वेढे हे सर्व फार आवडते. संगणकावरचे तसे खेळ मी खेळतो, चित्रे काढतो. मित्र म्हणतात की आपला इतिहास सोडून परक्यांचा कशाला? मला अपराधी वाटते. — एक विद्यार्थी

उत्तर : अपराधी वाटून घेण्यासारखे यात काहीही नाही. आवड जिथून सुरू झाली तिथून ती सुरू होऊ दे. मात्र ती तिथेच थांबवू नकोस. एका मोठ्या कागदावर उभी रेघ मार, डावीकडे युरोप आणि उजवीकडे महाराष्ट्र लिही आणि वर्षे भरत जा. १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने मॅग्ना कार्टा मान्य केला, तेव्हा देवगिरीला सिंघण यादव राज्य करत होता. १२७१ मध्ये मार्को पोलो व्हेनिसहून निघाला आणि त्याच वर्षी रामचंद्रदेव यादव गादीवर आला. १३४७ मध्ये प्लेगची साथ जहाजांतून सिसिलीला पोहोचली आणि त्याच वर्षी दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. गाविलगड उभा राहिल्यानंतर चार वर्षांनी, १४२९ मध्ये, जोन ऑफ आर्कने ऑर्लेआँचा वेढा उठवला. असा पट भिंतीवर लागला, की मित्रांचा प्रश्न तुला छळणार नाही, कारण दोन्ही बाजू एकाच रेघेवर आलेल्या असतील.

खेळांतून आणि चित्रपटांतून मनात बसलेल्या काही समजुती मात्र तपासून घे. युद्धात वापरले जाणारे पोलादी पत्र्याचे संपूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलो वजनाचे असे आणि ते अंगभर विभागलेले असल्यामुळे सराव केलेला माणूस त्यात धावू शके, घोड्यावर चढू शके. पडला की उठताच येत नसे ही कल्पना चुकीची आहे. एका हाताने चालवायच्या तलवारीचे वजन बहुधा एक ते दीड किलोच्या आत असे.

हातांना काम हवे असेल तर कड्यांचे चिलखत विणून पाहा. घराच्या स्लॅबसाठी सळया बांधायला जी मऊ बाइंडिंग तार वापरतात, ती एका सळईभोवती घट्ट गुंडाळून पक्कडीने कापली, की कड्या मिळतात. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकवत जायचे. हीच वीण युरोपात होती आणि हीच आपल्याकडेही होती. खऱ्या चिलखतात बहुधा प्रत्येक कडीचे तोंड बारीक खिळ्याने पक्के केलेले असे. तळहाताएवढा तुकडा विणायला किती वेळ लागतो ते मोज, म्हणजे पूर्ण अंगरख्यामागची मेहनत तुला बोटांनी कळेल.

आणि एक गोष्ट जरूर कर. फ्रान्समधील बायो येथील प्रसिद्ध भरतकामात, जे सुमारे ७० मीटर लांब आहे आणि १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगते, घोडेस्वारांचे पाय रिकिबीत दाखवलेले आहेत. तुझ्या परिसरातल्या एखाद्या वीरगळाच्या खालच्या चौकटीतला घोडेस्वार पाहा. त्याच्या पायाखाली रिकीब आहे का, हातात भाला आहे की तलवार, ढाल गोल आहे की लांबट, हे निरखून चित्र काढ. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा असा क्रम बहुधा असतो. गायी कोरलेल्या असतील तर तो माणूस गोधन वाचवताना पडला असे समजतात. नॉर्मन घोडेस्वाराचे चित्र काढण्याचा तुझा सराव इथे उपयोगी पडेल. नागपूरला जाणे झाले तर मध्यवर्ती संग्रहालय पाहा. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात आणि तिथे शस्त्रे जवळून पाहता येतात.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यात शिक्षिका आहे. जिजाऊंवर माझी अतिशय श्रद्धा आहे आणि दर वर्षी १२ जानेवारीला आम्ही दहा-बारा मैत्रिणी नऊवारी नेसून, फेटे बांधून सिंदखेडराजाला जातो. गर्दीत दर्शन होते, पण काही पाहून होत नाही. काय पाहावे? — एक वाचक भगिनी

उत्तर : त्या दिवशीचा उत्साह सोडू नका, परंतु फेब्रुवारीत एखाद्या साध्या दिवशी पुन्हा जा. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा पाहिल्यावर बहुतेक मंडळी परत फिरतात. नीळकंठेश्वराचे मंदिर, पुतळा बारव आणि मोती तलाव यांच्याकडे फार थोडे लोक वळतात. पुतळा बारवेतील शिल्पे एकेक करून पाहण्यासारखी आहेत, आणि मोती तलावाच्या बांधावर उभे राहिले की त्या काळात गाव वसवताना पाण्याचा विचार किती बारकाईने केला जात असे ते लक्षात येते. लखुजीरावांची समाधी मात्र शांतपणे पाहावी. २५ जुलै १६२९ रोजी निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादेस, त्यांची पुत्रांसह हत्या झाली. जिजाऊंच्या आयुष्यातील हा घाव त्या समाधीसमोर जसा जाणवतो तसा तो वाचून जाणवत नाही. याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये जतनाचे काम चालू असताना शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती जमिनीतून निघाली. स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानणाऱ्या घराण्याच्या गावी, जाधवांच्याही आधीच्या काळाचा एक थर असा पायाखाली होता. तुमच्या विद्यार्थिनींना नेलेत, तर प्रत्येकीला एकच वास्तू वाटून द्या आणि तिचे चित्र व माप तिच्याकडून करून घ्या.

प्रश्न : देवळी तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर सासऱ्यांच्या पेटीत मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. मला ते वाचायला शिकायचे आहे. वय ५२ आहे. जमेल का? कागद काही ठिकाणी फाटले आहेत, ते लॅमिनेट करून घ्यावेत का? — एक गृहिणी

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका आणि चिकटपट्टीही लावू नका; दोन्हींमुळे कागद कायमचा खराब होतो. मऊ ब्रशने धूळ झटका, घड्या हलक्या हाताने उघडा, कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका आणि सुती कापडात रुमाल बांधून कोरड्या जागी ठेवा. जुन्या कारकुनांनी दप्तरे अशाच रुमालांत सांभाळली.

शिकणे नक्की जमेल. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जात, शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नसत. त्यामुळे सुरुवातीला सगळे एकच गुंतवळ वाटते. रोज चार अक्षरे बोरूने किंवा साध्या पेनाने घोटा. मोडी डोळ्यांपेक्षा हाताने लवकर येते. शासनाच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपूरला आहे आणि हा विभाग मोडीचे वर्ग घेत असतो, तिथे चौकशी करा.

तुमच्या गठ्ठ्यात बहुधा खरेदीखते, गहाणखते, कर्जरोखे आणि पावत्या निघतील. म्हणजे ते मध्ययुगाच्या अखेरीचे किंवा त्यानंतरचे असतील. वर्धेचा हा सर्व भाग १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे त्यांच्या अमलातला एखादा कागदही त्यांत असू शकतो. तारखा वाचताना घाबरू नका. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो : ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९२, अर्थात १७९१-९२. पहिल्या कागदावरचे एक ओळखीचे गाव जरी स्वतः वाचता आले, तरी पुढची गोडी आपोआप लागेल. वाचलेला प्रत्येक कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवा आणि जो शब्द लागला नाही तिथे अंदाज न लिहिता जागा कोरी सोडा.

प्रश्न : चांदूर बाजार तालुक्यात आमच्या वावरात नांगरताना मडक्याचा तुकडा आणि त्याच्याजवळ सात तांब्याची नाणी सापडली. मला नाण्यांचा छंद आहे, मी ती चिंचेने स्वच्छ करून संग्रहात ठेवू का? — एक तरुण वाचक

उत्तर : चिंच, राख, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. तांब्यावरच्या हिरव्या थराखालीच अक्षरे टिकून असतात आणि घासले की टांकसाळीचे नाव आधी जाते. तुमच्या शेजारचे अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, हे मोगल काळात टांकसाळीचे गाव होते. आपल्या नाण्यावर ते नाव असू शकते, हा विचार करून तरी हात आवरा.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानुसार, जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. तहसील कार्यालयात जाऊन अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. कळवल्याने सापडणाऱ्याचा हक्क बुडत नाही. कायद्यात त्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरवून दिलेला आहे.

तोवर प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, फोटो काढा आणि सोनाराच्या काट्यावर वजन करून लिहा. मडक्याचा तुकडा फेकला असेल तर आजच शोधून आणा, कारण नाणी कोणत्या काळात पुरली गेली हे ठरवताना तोही उपयोगी पडतो. जिथे ती सापडली तिथे धुऱ्यापासूनचे अंतर पावलांनी मोजून एक खुंटी ठोका आणि तेवढा तुकडा वखरणीतून वगळा.